रोमला जेवू घालणारी वस्ती

तेलाचा एक बुधला. भाजक्या मातीचा, गोल पोटाचा, दोन कानांचा, रिकामाच ३० किलोंच्या घरातला. त्यात ७० लिटरच्या आसपास ऑलिव्हचं तेल मावे. आजच्या दक्षिण स्पेनमधल्या, तेव्हाच्या बेटिका प्रांतातल्या नदीकाठी तो भरला जाई. मग जहाजातून समुद्र ओलांडून टायबरच्या मुखाशी उतरे, आणि तिथून लहान नावेत, काठावरून दोरखंडांनी ओढत, प्रवाहाच्या उलट रोमच्या दक्षिण टोकाला येई. इथल्या धक्क्यावर तेल काढून घेतलं की बुधल्याचं आयुष्य संपे. तेल मातीत मुरलेलं असे आणि खवट होई, त्यामुळे धुऊन पुन्हा भरायची सोय नव्हती. इतर भांड्यांची खापरं कुटून गिलाव्यात घालता येत. ही जाड, तेलकट खापरं त्यालाही चालत नसत. म्हणून बुधले फोडायचे, खापरं रचायची आणि वर चुना पसरायचा, म्हणजे वास मरतो. अडीचशे वर्षांच्या आसपास हे चाललं. त्यातून जी टेकडी झाली ती आजही जागेवर आहे. ती ३५ मीटर उंच आहे, पायथ्याचा घेर जवळपास एक किलोमीटर आहे आणि तिच्यात अंदाजे ५ कोटी ३० लाख बुधल्यांची खापरं आहेत. तिचं नाव मोंते तेस्ताच्चो.

कलोसियम, व्हॅटिकन, त्रेवीचं कारंजं पाहून झाल्यावर, किंवा ते न पाहताही, रोमकडे जाण्याची एक वाट या टेकडीपासून निघते. मेट्रोच्या बी मार्गावर पिरामिदे स्टेशनला उतरायचं आणि तेस्ताच्चो, ओस्तिएन्से, गार्बातेल्ला या एकमेकींना लागून असलेल्या तीन वस्त्यांतून दक्षिणेकडे चालत राहायचं. रमतगमत गेलं तरी एका दिवसात होतं. सम्राट, पोप आणि शिल्पकारांनी हे शहर घडवलं हे खरं. पण त्या सगळ्यांना रोज जेवायला लागत होतं. ते अन्न कुठून आलं, कुणी वाहिलं, कुणी कापलं, कापणाऱ्यांच्या ताटात काय पडलं आणि रात्री ते झोपले कुठे, याची उत्तरं या वाटेवर सापडतात. रोममध्ये माझा जीव जडला तो इथे.

स्टेशनातून बाहेर पडल्याबरोबर समोर संगमरवरी पिरॅमिड दिसतो. गायुस सेस्तियुस नावाच्या एका बड्या रोमन माणसाचं हे थडगं इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन दशकांतलं आहे, आणि ते ३३० दिवसांत बांधून झालं असं त्याच्यावरच कोरून ठेवलंय. शेजारच्या सान पाओलो वेशीपाशी १० सप्टेंबर १९४३ रोजी रोमचे सैनिक आणि साधे नागरिक जर्मन फौजेला अडवायला उभे राहिले होते. मागच्या बाजूला परधर्मीयांची, म्हणजे कॅथलिक नसलेल्यांची, दफनभूमी आहे. तिथे कीट्स आणि शेली आहेत, आणि मुसोलिनीच्या कैदेत खंगलेला, १९३७ मध्ये गेलेला कम्युनिस्ट विचारवंत अंतोनियो ग्राम्शीही आहे. इंग्रजी कवितेवर प्रेम करणाऱ्यांची इथे वर्दळ असते. बरेच जण इथूनच मागे फिरतात. पाच मिनिटं पुढे चाललं की टेकडी येते.

टेकडीवर गवत आणि झुडपं आहेत, त्यामुळे लांबून ती साधीच वाटते. जवळ गेल्यावर मातीऐवजी खापरं दिसतात, थरावर थर, लालसर आणि पिवळट. हा उकिरडा कुणी वाटेल तसा ओतलेला नाही. जवळजवळ अखंड बुधल्यांच्या भिंती बांधून, त्यांच्या आत खापरं भरून, पायऱ्यापायऱ्यांनी तो चढवत नेला आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यावर लिहिलेलं आहे. १८७२ पासून हाइनरिख ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने इथली खापरं वेचून त्यांच्यावरची शाईची अक्षरं वाचायला सुरुवात केली. रिकाम्या बुधल्याचं वजन, आतल्या तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव, माल कुठल्या जिल्ह्यातून निघाला (आजच्या सेव्हिल, कोर्दोबा, एसिखा या गावांची जुनी नावं तिथे येतात), कुणी तपासून पाहिला आणि कोणत्या कॉन्सलांच्या, म्हणजे वर्षाला ज्यांचं नाव मिळे त्या मुख्य अधिकाऱ्यांच्या, वर्षी, हे सगळं त्या बुधल्यांवर होतं. ड्रेसेलने बुधल्यांच्या आकारांची जी यादी केली, तिच्यात हा गोल पोटाचा बुधला विसावा. पुरातत्त्वज्ञ आजही त्याला ‘ड्रेसेल २०’च म्हणतात. १९८९ पासून स्पेनच्या संशोधकांनी इथे पुन्हा पद्धतशीर खोदकाम केलं, कारण त्यांच्या देशाच्या शेतीचा इतिहास रोमच्या या कचऱ्यात पडलेला आहे. साम्राज्याची दप्तरं कुजली, जळाली. तेलाचा हिशेब मात्र राहिला, कारण तो खापरावर लिहिला होता आणि खापर टाकून दिलं होतं.

एवढं तेल लागे कशाला? स्वयंपाकाला, दिव्याला, हमामखान्यात अंगाला लावायला. पण मागणीमागे सरकारही होतं. ऑगस्टसच्या काळात रोममधल्या सुमारे दोन लाख लोकांना धान्य फुकट मिळत असे. सेप्टिमियस सेव्हेरस सम्राटाने त्यात तेलाची भर घातली. दहा लाखांच्या आसपास वस्तीचं शहर शांत ठेवायचं तर त्याचं पोट भरलेलं लागतं, हे राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रांतांतल्या जमिनी, नद्या, जहाजं, हमाल हे सगळं त्या एका कामाला जुंपलेलं होतं. तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर इथे खापरं टाकणं थांबलं. टेकडीचं वाढणंही थांबलं.

पुढच्या शतकांत लोकांनी ती आपलीशी केली. मध्ययुगात कार्निव्हलच्या दिवसांत हिच्या उतारावरून डुकरांनी भरलेल्या गाड्या सोडून देत आणि खाली लोक त्या डुकरांवर तुटून पडत. गुड फ्रायडेला वधस्तंभाची मिरवणूक इथे चढायची, म्हणून माथ्यावर आजही क्रूस आहे. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की खापरांच्या फटींतून हवा खेळते आणि आतली जागा उन्हाळ्यातही गार राहते. मग पायथ्याशी गुहा कोरून त्यात वाइनची पिंपं ठेवू लागले. त्या गुहांत आता खानावळी आणि रात्रीचे नाचगाण्याचे अड्डे आहेत. काही ठिकाणी मागची भिंत काचेची ठेवली आहे. तिच्यापलीकडे दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं रचलेली दिसतात आणि अलीकडे टेबलावर पास्ता येतो. टेकडीला कुंपण आहे. वर जायचं तर आधी नाव नोंदवून, वाटाड्याबरोबरच जावं लागतं. एवढा त्रास जरूर घ्यावा. वर चालताना पायाखाली खापरं वाजतात आणि आपण जमिनीवर नाही, हिशेबाच्या ढिगावर उभे आहोत हे पायांना कळतं.

१८७० नंतर रोम नव्या इटलीची राजधानी झाली. मंत्रालयं आली, कारकून आले, बांधकामं सुरू झाली, आणि त्यांना लागणारा मजूर कुठे तरी राहायला हवा होता. नदीचा वाक आणि शहराची जुनी तटबंदी यांच्यामधली ही मोकळी जागा त्यासाठी निवडली गेली. तेस्ताच्चोतल्या चौकोनी, पाच-सहा मजली इमारती त्या काळापासून पुढच्या आहेत. सुरुवातीला इथे एकेका खोलीत कुटुंबंच्या कुटुंबं कोंबलेली होती. १९०३ मध्ये लोकांना परवडणारी घरं बांधणारी सार्वजनिक संस्था निघाली, तेव्हा मधल्या अंगणांची, उजेडवाऱ्याची घरं येऊ लागली. लेखिका एल्सा मोरांते हिचं लहानपण याच गल्ल्यांत गेलं. रोमा फुटबॉल क्लबचं पहिलं स्वतःचं मैदानही इथलंच; १९२९ ते १९४० या काळात तो संघ इथे खेळला. वस्तीच्या चिन्हावर बुधला आहे आणि चौकातल्या १९२७ च्या कारंज्यावरही बुधलेच आहेत.

वस्तीचा खरा धनी मात्र कत्तलखाना होता. जोआक्कीनो एर्सोक या वास्तुविशारदाने १८८८ ते १८९१ मध्ये टेकडीच्या पलीकडे तो उभारला. दारावर बैलाला लोळवणारा पंखधारी पुरुष कोरला आहे. आत लांबच लांब शेड, पाण्याच्या टाक्या, आणि डोक्यावरून जाणारे लोखंडी रूळ. मारलेलं जनावर आकड्याला लटकवून त्या रुळांवरून पुढे ढकलत नेत. १९७५ मध्ये कत्तलखाना बंद झाला. आता काही शेडमध्ये चित्रप्रदर्शनं आणि नाटकं होतात, काहींत विद्यापीठाचा वास्तुकला विभाग भरतो. आकडे आणि रूळ तसेच ठेवले आहेत. विद्यार्थी त्यांच्याखाली बसून नकाशे काढतात.

इथे कातडी सोलणाऱ्या, मांस तोडणाऱ्या कामगारांना म्हणत वाक्कीनारी. जनावराचे चार भाग व्हायचे. चांगले तुकडे पैसेवाल्यांच्या घरी, धर्मगुरूंकडे, सैन्याकडे जायचे. उरायचं ते डोकं, शेपूट, खूर, जीभ, आतडी, वजडी, काळीज, फुफ्फुस. रोममध्ये याला पाचवा हिस्सा म्हणतात. मजुरीचा काही भाग कामगारांना याच रूपात मिळे. तो हिस्सा घरी किंवा जवळच्या गुत्त्यात जाई आणि तिथल्या बायका तो रांधत. शेपटाला चिवट स्नायू आणि हाड फार, म्हणून ते टोमॅटो आणि भरपूर सेलरी घालून तासन्‌तास मंद आचेवर शिजवायचं. काही घरांत शेवटी चिमूटभर कोको, बेदाणे आणि चिलगोजे पडतात. वजडी टोमॅटोच्या रश्श्यात शिजते, वर रानपुदिना आणि मेंढीच्या दुधाचं खारट पेकोरिनो चीज. रोमकरांच्या आठवड्यात गुरुवार न्योक्कीचा, म्हणजे बटाट्याच्या छोट्या गोळ्यांचा, आणि शनिवार वजडीचा. पायाता हा पदार्थ सगळ्यांत धाडसाचा: फक्त दूध प्यायलेल्या वासराचं आतडं, आतल्या दुधाळ रसासकट. शिजवल्यावर तो रस दह्यासारखा घट्ट होतो आणि रिगातोनी पास्त्याला लागतो. गाईंमधल्या मेंदूच्या रोगाची साथ आली तेव्हा, २००१ मध्ये, युरोपात त्यावर बंदी आली. ती २०१५ मध्ये उठली, तेव्हा तेस्ताच्चोत सण असल्यासारखा आनंद झाला.

हे जेवण मी इथल्या खानावळीत जेवलो आणि मला ते मनापासून आवडलं. पण आवडीपेक्षा मोठी गोष्ट मला वाटली ती या पदार्थांच्या मानाची. गरजेतून निघालेलं जेवण आज रोमच्या नामांकित खानावळींच्या यादीत वरच्या ओळीत असतं, आणि ते कुणाचं आहे हे कुणी लपवत नाही. शेपटाच्या पदार्थाच्या नावातच ‘वाक्कीनारा’, म्हणजे वाक्कीनारींच्या पद्धतीचं, असं आहे. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ज्यांनी वाचलं आहे, त्यांना वजडीच्या या वाटीपाशी थांबावं लागेल. मराठवाड्यातल्या दलित घरांच्या ज्या चुलींबद्दल त्यांनी लिहिलं, त्यांच्या वाट्याला असा मान अजून आलेला नाही.

तेस्ताच्चोची मंडई २०१२ मध्ये कत्तलखान्यासमोरच्या नव्या इमारतीत आली. पाया खणताना खाली रोमन गोदामाचे अवशेष लागले, बुधल्यांच्या भिंतींसकट. ते मंडईच्या मध्यातून खाली डोकावून पाहता येतात. मी गेलो ते फेब्रुवारीतल्या सकाळी. भाजीवाल्या बायका पुंतारेल्ले या कडवट भाजीचे कोंब तारांच्या चौकटीतून दाबून चिरत होत्या आणि गार पाण्यात टाकत होत्या. पाण्यात कोंब कुरळे होतात, कडवटपणा उतरतो, मग अँचोवी मासा, लसूण आणि व्हिनेगरमध्ये ते कालवतात. एका मांसविक्यापुढे शेपटांची रास होती. तो म्हणाला, पर्यटक फोटो काढतात आणि पुढे जातात, शेपूट नेतात त्या शेजारच्या म्हाताऱ्या. त्या कमी होत चालल्यात. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पण सांगितल्यावर काही वेळ तो हातातला सुरा पुसत राहिला. जुन्या भाडेकरूंच्या जागी पाहुण्यांना दिवसावर दिली जाणारी घरं वाढत आहेत. नदीपलीकडच्या त्रास्तेवेरे या वस्तीचं पर्यटकांमुळे जे झालं ते इथे होऊ नये, असं मला फार वाटतं.

मंडईतून दक्षिणेला निघालं की नदीवर इंदुस्त्रिया पूल येतो. १८६३ चा हा लोखंडी पूल मुळात रेल्वेसाठी होता. लोक त्याला लोखंडी पूलच म्हणतात. २०२१ मध्ये आगीने त्याचा काही भाग कोसळला. पुलापाशी १९९७ साली उभारलेलं एक स्मारक आहे, त्यावर दहा बायकांची नावं आहेत. १९४४ च्या वसंतात रोम जर्मनांच्या ताब्यात होतं. मार्चच्या अखेरीस माणशी पावाचं रेशन दिवसाला १५० ग्रॅमवरून १०० ग्रॅमवर आणलं गेलं. शहरभर बायका बेकऱ्यांवर चालून गेल्या. या पुलाजवळच्या गिरणीत जर्मन सैन्यासाठी पांढरं पीठ आणि पाव असल्याचं कळलं. ७ एप्रिलला बायका तिथे घुसल्या, आणि त्यांतल्या दहाजणींना पुलाच्या कठड्याशी उभं करून गोळ्या घातल्या, असं स्मारक सांगतं. ही घटना कागदपत्रांपेक्षा माणसांच्या आठवणीतून पुढे आलेली आहे. रोमच्या फुकट धान्याच्या वाटपापासून शंभर ग्रॅमच्या रेशनपर्यंतचा इतिहास याच नदीकाठचा आहे. पुलावरून गाड्या सतत जात असतात. नावं वाचायला जेमतेम फूटभर जागा मिळते, तरी वाचावीत.

पुलानंतर येणारा विया ओस्तिएन्से हा उद्योगांचा रस्ता. एर्नेस्तो नाथान १९०७ मध्ये रोमचा महापौर झाला. तो ज्यू होता, जन्म लंडनचा, आणि वीज व ट्राम खाजगी कंपन्यांच्या हातून काढून नगरपालिकेने चालवावी हे त्याचं मोठं ध्येय. १९०९ मध्ये त्यावर लोकांचं मतदान घेतलं गेलं. १९१२ मध्ये नगरपालिकेचं पहिलं वीजकेंद्र इथे सुरू झालं. त्याला नाव पडलं ते या कामातला त्याचा सहकारी, अर्थतज्ज्ञ जोवान्नी मोंतेमार्तीनी याचं. शेजारी गॅसचा कारखाना होता. त्याची १९३७ मध्ये पुरी झालेली, ९० मीटरच्या जवळपास उंच टाकी आता रिकाम्या लोखंडी सांगाड्याच्या रूपात उभी आहे.

वीजकेंद्र १९६३ मध्ये थांबलं. १९९७ मध्ये कापितोलिनी संग्रहालयांची दुरुस्ती निघाली तेव्हा तिथली शेकडो शिल्पं तात्पुरती इथे हलवली, यंत्रांच्या मधोमध मांडली, आणि लोकांना ते इतकं भावलं की संग्रहालय कायमचं झालं. ‘चेंत्राले मोंतेमार्तीनी’ हे मला रोममधलं सर्वांत सुंदर संग्रहालय वाटतं, आणि हे मी व्हॅटिकन पाहून सांगतोय. काळ्या, तेलकट डिझेल इंजिनांच्या पुढे पांढऱ्या देवता उभ्या आहेत. अपोलोच्या एका देवळाच्या दर्शनी त्रिकोणावरची, ग्रीकांशी लढणाऱ्या ॲमेझॉन स्त्रियांची शिल्पं यंत्रघराच्या टोकाला लावली आहेत. बाष्पकांच्या खोलीत शिकारीच्या दृश्यांचं मोझॅक जमिनीवर पसरलंय. एका पुतळ्यात उमरावाने दोन्ही हातांत पूर्वजांचे अर्धपुतळे धरले आहेत, आपलं घराणं किती जुनं ते दाखवण्यासाठी. त्याच्यापासून थोड्या अंतरावर तराफ्याएवढी फिरती चाकं आणि दाबमापकांच्या तबकड्या आहेत. त्या तबकड्यांसमोर पाळी-पाळीने उभे राहिलेल्या कामगारांचे पुतळे कुणी केले नाहीत, पण त्यांची यंत्रं इथे देवतांइतक्याच निगुतीने पुसून ठेवली आहेत. आणि हे सगळं फार थोडी माणसं बघतात. मी बराच वेळ एका दालनात एकटाच होतो.

पुढे रेल्वेरूळ ओलांडणारा पांढऱ्या कमानींचा पूल लागतो. तो २०१२ मध्ये खुला झाला आणि त्याला सेत्तीमिया स्पित्सिकीनो हिचं नाव दिलं आहे. १६ ऑक्टोबर १९४३ च्या पहाटे रोमच्या ज्यू वस्तीवर धाड पडली, हजाराहून अधिक माणसं आउश्वित्झला धाडली गेली. सोळा परतली. त्यांत बाई एकच, ही. नंतरचं आयुष्य तिने शाळाशाळांतून मुलांना हे सांगण्यात घालवलं. पुलाच्या पलीकडे गार्बातेल्ला आहे, जिथे ती राहत होती.

गार्बातेल्लाची कोनशिला १८ फेब्रुवारी १९२० रोजी राजा तिसरा व्हित्तोरियो एमानुएले याच्या हातून बसली. बेनेदेत्तो ब्रिन चौकात ती आजही वाचता येते. ओस्तिएन्सेच्या कारखान्यांपासून समुद्रापर्यंत कालवा खणायचा, रोमला औद्योगिक बंदर द्यायचं, आणि तिथल्या कामगारांसाठी टेकाडावर निरोगी घरं बांधायची, असा बेत होता. कालवा झालाच नाही. घरं झाली. इंग्लंडमधल्या उद्यान-नगरांचा नमुना समोर होता, पण हात रोमचे होते: गेरूच्या रंगाच्या भिंती, कमानी, बाहेरून चढणारे जिने, धुराड्यांवर नक्षी. इमारतींचे गट करून प्रत्येक गटाच्या मध्ये सामायिक अंगण ठेवलं. अंगणात पाण्याचा नळ, कपडे वाळत घालायच्या तारा, भाजीचे वाफे, बाकं. इन्नोचेन्त्सो साब्बातीनी या वास्तुविशारदाचा हात इथे जागोजाग दिसतो. गरिबाच्या घरालाही दाराची चौकट सुबक असावी हा त्याचा आग्रह भिंतीभिंतीत वाचता येतो.

मग मुसोलिनीचा काळ आला. प्राचीन अवशेष मोकळे करायला आणि फोरम या प्राचीन चौकांमधून रुंद रस्ता काढायला जुन्या शहराच्या गल्ल्या पाडल्या, आणि तिथल्या माणसांना बाहेर काढलं. कलोसियमसमोरून आज आपण ज्या सरळ रस्त्याने चालतो, त्याच्याखाली कुणाची तरी राहती घरं होती. त्यांतल्या काहींसाठी गार्बातेल्लात १९२७ ते १९२९ मध्ये ‘उपनगरी हॉटेलं’ बांधली गेली. नाव हॉटेल, काम तात्पुरत्या छावणीचं. आणि तात्पुरतं म्हणून आलेले लोक वर्षानुवर्षं राहिले. घड्याळाच्या मनोऱ्याचं ‘तांबडं हॉटेल’ साब्बातीनीचंच.

डिसेंबर १९३१ मध्ये, लंडनची दुसरी गोलमेज परिषद निष्फळ ठरल्यावर मायदेशी परतताना, गांधीजी रोमला थांबले. मुसोलिनीशी भेट झाली, पोपने भेट दिली नाही, व्हॅटिकनमधल्या क्रूसावरच्या ख्रिस्तापुढे त्यांचे डोळे भरून आले. त्याच मुक्कामात ते गार्बातेल्लातही येऊन गेले. राजवट त्यांना आपलं नवं काम दाखवत होती, यात शंका नाही. त्यांना त्या अंगणांत काय दिसलं असेल, याचा विचार मी तिथल्या बाकावर बसून बराच वेळ केला. रोमहून ते ब्रिंदिसीला गेले, ‘पिल्स्ना’ बोटीत बसले आणि २८ डिसेंबरला मुंबईला उतरले. आठवड्याभरात ते पुन्हा तुरुंगात होते.

राजवट गेली, अंगणं राहिली. नान्नी मोरेत्ती या दिग्दर्शकाने १९९३ च्या ‘कारो दियारिओ’ या चित्रपटात स्कूटरवरून रोम फिरताना आपली सर्वांत आवडती वस्ती म्हणून गार्बातेल्लाचं नाव घेतलं, तेव्हापासून थोडे लोक येऊ लागले. घरं सार्वजनिक मालकीची होती. बरीच भाडेकरूंना विकली गेली आणि त्यातली काही पुढे जास्त पैसे देणाऱ्यांकडे गेली. तरी जुनी कुटुंबं अजून आहेत. एका अंगणात चादरी वाळत घालणाऱ्या आजींनी मला हटकलं, कुठला म्हणून विचारलं, आणि भारतातून आलोय म्हटल्यावर हातातल्या चिमट्यानेच त्यांचा जन्म झाला ती खिडकी दाखवली. समोरच्याच जिन्यावर, दुसऱ्या मजल्याची.

अंगणांची फाटकं बहुधा उघडी असतात आणि आत गेलं तर कुणी हाकलत नाही. पण ते कुणाचं तरी घर आहे. शिरताना समोरच्याला ‘बोन्‌जोर्नो’ म्हणावं, तारांवरच्या कपड्यांचे फोटो काढू नयेत, गटागटाने जाऊ नये. सकाळी दहा-अकराची वेळ चांगली. दुपारी दोन ते चार या वेळात इथल्या वसाहतींत शांतता पाळतात; तेव्हा बाहेर पडून बार्तोलोमेओ रोमानो चौकात जावं आणि साब्बातीनीनेच बांधलेलं पाल्लादियुम नाट्यगृह बघत कॉफी घ्यावी.